कणीक आणि चिखल

प्लास्टरवर माझा राग आहे. आयुष्यभर हाताच्या शस्त्रक्रिया केल्या, निवृत्त होऊनही बराच काळ लोटला, तरी बोटाच्या जखमेसाठी कोपरापर्यंत प्लास्टर घातलेला माणूस दिसला की माझं डोकं फिरतं. हाड मोडलं असेल तर घाला, माझी काही हरकत नाही. पण बोटाला विळा लागला, घाला प्लास्टर. गुऱ्हाळात बोट चिमटलं, घाला प्लास्टर. आणि किती दिवस? तर दोन महिने! कशासाठी? "हाताला आराम पडावा" म्हणून. असा आराम देऊन देऊन आमच्या धंद्यातल्या लोकांनी जेवढे हात निकामी केले, तेवढे विळ्यांनी आणि चरकांनी मिळूनही केले नसतील.

साठच्या दशकात मी सांगलीला एका धर्मादाय रुग्णालयात सर्जन होतो. आठवड्यातले दोन दिवस साताऱ्याला एका डॉक्टर मित्राच्या दवाखान्यात जायचो. त्यामुळं शिरवळपासून शिराळ्यापर्यंतचे आखडलेले, ताठलेले हात माझ्यापुढं यायचे. सगळ्यांचं म्हणणं एकच असायचं, "जखम भरलीया डॉक्टर, पर बोट मुडपंना." जखम अगदी छान भरलेली असायची. टाके घालणाऱ्याचं कौतुक करावं इतकी छान. आत मात्र सगळं चिकटून बसलेलं.

आत काय चिकटतं ते सांगतो. बोट वाकवणारा स्नायू बोटात नसतो, तो कोपराखाली असतो. तिथून बोटाच्या टोकापर्यंत एक पांढरी दोरी जाते. आम्ही तिला टेंडन म्हणतो, पुस्तकात कंडरा म्हणतात आणि माझे सगळे पेशंट शीर म्हणायचे. मीही इथं शीरच म्हणेन. परकराच्या नेफ्यातून नाडी सरकते तशी ही शीर एका अरुंद बोगद्यातून सरकते. जखम झाली, पू झाला आणि वरून दोन महिने हात बांधून ठेवला की नाडी नेफ्याला चिकटते. मग कोपराकडचा स्नायू कितीही ओढू दे, बोट हलत नाही.

ती नाडी सोडवायची, हे माझं काम. ऐकायला सोपं आहे. पण नेफा सगळा उसवून टाकला तर नाडी लोंबकळते आणि तळहाताची कातडी तंबूसारखी वर येते. म्हणून ठरावीक ठिकाणी नेफा राखायचा आणि त्याच्याखालून बारीक पात्यानं एकेक तंतू कापत जायचं. शीर कापायची नाही, तिला रक्त पुरवणारं काही तोडायचं नाही, शेजारच्या मज्जातंतूला धक्का लावायचा नाही. हे मी पेशंटला झोपवून करत नसे. फक्त हाताची जागा बधिर करायची, दंडाला रक्तदाबाचा पट्टा फुगवून रक्त थांबवायचं आणि अर्ध्या तासाच्या आत काम उरकायचं, कारण त्याहून जास्त वेळ तो पट्टा माणसाला सोसत नाही. मग पट्टा सोडायचा, हाताला रक्त येऊ द्यायचं आणि टेबलावरच्या माणसाला म्हणायचं, "वाकवा आता." वाकलं तर ठीक. नाही वाकलं तर कुठंतरी अजून चिकटलेलं आहे, परत शोधायचं.

या "वाकवा"च्या क्षणाला मी कित्येकदा देव आठवला आहे. एकदा मात्र हसू आवरेना. देवगोंडा अण्णा म्हणून सांगलीचे एक जैन हळद व्यापारी होते. काही जुने व्यापारी त्या वेळी अजून रुमालाखाली सौदा करत. रुमालाखाली समोरच्याची बोटं धरायची, किती धरली त्यावर भाव ठरायचा, आजूबाजूच्यांना पत्ता लागायचा नाही. अण्णांची मधली दोन बोटं काचेनं कापली, कुणा महाभागानं ती प्लास्टरमध्ये घातली आणि ती ताठ झाली. त्यांनी तीन बोटं धरली तरी समोरच्याला एकच धरल्यासारखं वाटायचं. पेठेत त्यांची चेष्टा चालली होती.

टेबलावर झोपल्यावर त्यांनी विचारलं, "डॉक्टर, शिवायचा दोरा कशाचा म्हणायचा?"

मी म्हणालो, "आतला कॅटगट. मेंढीच्या आतड्याचा असतो."

अण्णा ताडकन उठून बसले. मी घाईघाईनं म्हणालो, "बरं, रेशीम वापरतो."

"रेशीम? किडं उकळून काढत्यात ते? ऱ्हाऊ द्या. बोट ताठच बरं."

आमच्या ऑपरेशन थिएटरच्या सिस्टर सालोमी फार शहाण्या बाई. त्यांनी शिलाई मशीनच्या सुती दोऱ्याचं नवं रीळ आणवलं, उकळून घेतलं आणि अण्णांना लांबून दाखवलं. अण्णा पुन्हा आडवे झाले. पट्टा सोडल्यावर मी म्हणालो, "वाकवा," तर त्यांनी निर्जंतुक चादरीखाली हात घालून माझ्या हातमोज्यातली बोटं धरली.

"सांगा, किती?"

"तीन."

"मग जमलं," अण्णा म्हणाले.

एका माणसाच्या धर्मापायी आम्ही अर्धं थिएटर अडवून दोरा बदलला, याचा मला त्या वेळी अभिमान वाटला होता. अजूनही वाटतो. पण आता त्याला दुसरीही एक बाजू आहे, ती पुढं येईल.

शीर सोडवली म्हणजे काम संपलं, असं नाही. ती पुन्हा चिकटायला टपलेलीच असते. दुसऱ्या दिवसापासून बोट हलवत राहावं लागतं आणि टाके काढल्यावर त्याला जोर द्यावा लागतो. दुखतं, म्हणून पेशंट टाळाटाळ करतो. घरचे तर मायेनं हात धरूच देत नाहीत, घाससुद्धा भरवतात. आमच्याकडं व्यायाम करून घेणारा वेगळा माणूस नव्हता. म्हणून मी एक युक्ती काढली होती. टाके निघालेल्या प्रत्येक पेशंटला रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात कणीक मळायला बसवायचं. रेशनचा लाल गहू, त्याची कणीक भलती चिवट. सकाळ-संध्याकाळ तासभर मळली की शीर आपोआप मोकळी राहायची. शिवाय आपण मळलेल्या कणकेची चपाती वॉर्डात सगळे खातात, याचं माणसाला बळ यायचं. मिश्या पिळणारे गडीसुद्धा परातीपुढं बसायचे. अण्णा आमच्याकडचं अन्न खात नसत, पण कणीक मात्र मनापासून मळायचे. स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या हौसाक्का सगळ्यांना सांगायच्या, "आज शेठच्या हातची कणीक हाय बरं का."

या युक्तीबद्दल माझी पाठ बरीच थोपटली गेली होती. मीही ती थोपटून घेतली होती.

आणि मग सुमन आली. पलूसजवळच्या एका गावची, एकोणीस वर्षांची, मॅट्रिक झालेली. वडील रेल्वेत गँगमन. काही वर्षांपूर्वी घरानं बौद्ध धम्म स्वीकारला होता. वैरण कापताना तिच्या उजव्या तर्जनीच्या मुळाशी विळा लागला. शीर पूर्ण तुटली नव्हती, हे नशीब. तालुक्याच्या डॉक्टरनं वरची कातडी शिवली आणि प्लास्टर घातलं. आत पू झाला. वडील दोनदा विचारायला गेले, तर डॉक्टरनं ओसरीवरूनच सांगितलं, "दोन महिन्यांनी ये." प्लास्टर उघडायचं म्हणजे त्या हाताला पुन्हा हात लावायचा, आणि ते त्याला नको होतं. हे मला आज कळतं. तेव्हा मी फक्त प्लास्टरला शिव्या दिल्या.

सुमन सांगलीत इंग्रजी टायपिंग शिकत होती. परीक्षा पास झाली की साताऱ्याच्या एका कचेरीत तिला जागा मिळण्यासारखी होती. गँगमनच्या घरात ती पहिली कचेरीतली नोकरी ठरली असती. तिनंच मला सांगितलं की टायपिंगमध्ये उजव्या तर्जनीच्या वाट्याला सहा अक्षरं येतात. "डावी तर्जनी सोडली तर इतर बोटांना एवढी नसतात, डॉक्टर. बाकीचं कुठलंही बोट गेलं असतं तर मी चालवून घेतलं असतं."

तिची शीर मी चांगली सोडवली. बढाई नाही, खरंच चांगली. पट्टा सोडल्यावर म्हणालो, "वाकव." तिनं मान वळवून स्वतःच्या हाताकडं पाहिलं. बोटाचं टोक तळहाताला टेकलं. मग त्याच बोटानं तिनं चादरीवर सहा ठिकाणी टकटक केली. सिस्टर सालोमी मास्कच्या आत हसल्या. सुमनही हसली आणि लगेच रडली.

टाके निघाले त्या दिवशी मला साताऱ्याला जावं लागलं. मित्र आजारी पडला होता, तीन आठवडे त्याचा दवाखाना मलाच बघायचा होता. जाताना मी हौसाक्कांना सांगितलं, "उद्यापासून सुमनला कणकेला बसवा." एसटीची वेळ झाली होती, हातात बॅग होती. हौसाक्का माझ्या मागं दारापर्यंत आल्या.

"डॉक्टर, कनकंऐवजी दुसरं काय चालंल का? माती भिजवून दिली तर?"

मला वाटलं, गहू कमी पडतोय. रेशनची ओढाताण होतीच. मी म्हणालो, "चालेल की. शिरेला काय कळतंय, कणीक आहे की चिखल?" आणि एसटीत जाऊन बसलो.

परत आलो तेव्हा सुमनचं बोट पुन्हा ताठ झालेलं होतं. अगदी पहिल्यासारखं नाही, पण तळहातापासून चांगलं दोन-तीन बोटं लांब. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. इतकी नाजूक कलाकुसर करून ठेवलेली आणि पोरीनं मातीत घातली!

"मळायला बसली होतीस का?"

"नाही."

"का नाही?"

तिनं इकडंतिकडं पाहिलं. शेजारच्या खाटांवरच्या बायका ऐकत होत्या. मी आवाज चढवला. तीन आठवडे काय झोपा काढल्यास, म्हणालो. तुमच्यासाठी आम्ही इतकं करतो आणि तुम्हाला साधं बोट हलवायला नको, असंही म्हणालो. "तुमच्यासाठी" म्हणजे कुणासाठी, हे माझ्या मनात नव्हतं असं मी आज शपथेवर सांगू शकत नाही. मग केसपेपर ओढला आणि त्या काळच्या रिवाजाप्रमाणं इंग्रजीत दोन शब्द खरडले, "पेशंट अनकोऑपरेटिव्ह." म्हणजे पेशंटनं सहकार्य केलं नाही. सही ठोकली आणि तिला घरी पाठवून दिलं.

आठ-नऊ महिन्यांनी ती एकटीच आली. परीक्षेला बसता आलं नव्हतं. कचेरीतली ती जागा दुसऱ्या कुणाला मिळाली होती. म्हणाली, "पुन्हा ऑपरेशन करा."

एकदा सोडवलेली शीर पुन्हा सोडवणं फार जोखमीचं. तुटण्याची भीती असते, तुटली तर सगळंच संपलं. मी जुना केसपेपर काढला आणि म्हणालो, "उपयोग काय? तू करत तर काही नाहीस."

"काय लिहिलंय त्यात?"

"इंग्रजीत आहे."

"मला वाचता येतं," असं म्हणून तिनं हात पुढं केला. मी कागद दिला. तिनं वाचला. आतापर्यंत ती माझ्याशी शाळेतल्यासारखी जपून बोलत असे. ते जपणं तिथं संपलं.

"ह्ये खोटं हाय, डॉक्टर. मी कनीक मागितली हुती. मला चिखल दिला. बाकीच्या समद्या बायका आत परातीपाशी, आन मी स्वयंपाकघराच्या मागं, मोरीपाशी. मी म्हनलं, मला बी आत बसू द्या. तर आक्का म्हनल्या, डॉक्टरांनीच सांगितलंय, शिरंला काय कळतंय कनीक हाय का चिखल."

तिनं कागद परत केला. मग म्हणाली, "शिरंला कळत नसंल. मला कळत हुतं."

मग मी उठलो तो तडक स्वयंपाकघरात गेलो. हौसाक्का डाळ निवडत होत्या. मी जे काही ओरडलो ते इथं लिहिण्यासारखं नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि खरोखर बुचकळ्यात पडून म्हणाल्या, "आवं डॉक्टर, तिच्या हातची चपाती वॉर्डात कोन खाईल? पेशंट उपाशी ऱ्हातील. मी काय वंगाळ केलं? माती चाळून दिली हुती. एक खडा ऱ्हाऊ दिला न्हाई."

माती चाळून दिली होती! या वाक्यावर मी इतकी वर्षं चिडतो आहे आणि अजून मला त्याचं उत्तर सापडलेलं नाही. ती बाई दुष्ट असती तर बरं झालं असतं. रात्रंदिवस पेशंटसाठी राबणारी बाई, आणि तिनं प्रेमानं चिखल चाळला. सिस्टर सालोमींना विचारलं, तर त्या खाली बघत म्हणाल्या, "मला वाटलं, तुमचीच ऑर्डर आहे." तेही खरंच होतं.

मी विश्वस्तांकडं गेलो. अस्पृश्यता पाळणं कायद्यानं गुन्हा होता, ते त्यांना सांगितलं. त्यांच्यातले एक वयस्क गृहस्थ समजुतीच्या सुरात म्हणाले, "डॉक्टर, इथं सगळ्यांची मनं सांभाळावी लागतात." मी विचारलं, "सगळ्यांची म्हणजे कुणाकुणाची? अण्णांचं मन सांभाळायला आपण दोरा बदलला. हिच्या मनाचं काय?" त्यावर चहा आला. त्या चहानं विषय बुडाला. मी राजीनामा द्यायला हवा होता. दिला नाही. घर होतं, मुलं होती, हाताशी ऑपरेशनं होती, कारणं भरपूर होती. मी एवढंच केलं की पुढच्या सोमवारी सुमनला पुन्हा टेबलावर घेतलं.

दुसरं ऑपरेशन पहिल्यापेक्षा वाईट होतं. कुठं शीर संपते आणि कुठं व्रण सुरू होतो तेच दिसेना. एका जागी माझं पातं शिरेत किंचित घुसलं. घाम आला, तो सिस्टरांनी टिपला. पट्ट्याची वेळ संपत आली होती. सुमनच्या दंडातून कळा येत असणार, पण तिनं हूं की चूं केलं नाही. पट्टा सोडला, थांबलो आणि म्हणालो, "वाकव." बोट अडखळत गेलं आणि तळहाताच्या बोटभर अलीकडं थांबलं. त्याच्यापुढं जायला मी धजलो नाही. तिनं त्या बोटानं पुन्हा चादरीवर टकटक केली. या वेळी ती हसली नाही. सगळी अक्षरं लागतात की नाही, ते बघत होती.

टाके निघाल्यावर मी मोठ्या तोऱ्यात जाहीर केलं, "उद्यापासून ही आत बसून कणीक मळणार. मी स्वतः समोर बसणार. बघू कोण अडवतंय."

सुमन म्हणाली, "मला न्हाई मळायची."

मी पुन्हा चिडलो. सवयच ती.

"आता का?"

"मी मळीन. मग वॉर्डात कोन जेवतंय आन कोन ताट सारतंय, ते बघत मी बसू? तुमच्या मनाला बरं वाटावं म्हनून?" मग ती पुन्हा आपल्या शाळेच्या भाषेत म्हणाली, "तुमच्या ऑफिसात टाइपरायटर आहे. तो द्या."

आमच्या ऑफिसातला टाइपरायटर म्हणजे एक दिव्य होतं. चाव्या इतक्या जड की कारकूनसुद्धा त्याला टाळायचा. मला कणकेपेक्षा बरं साधन मागूनही मिळालं नसतं. माझे जुने केसपेपर वर्षानुवर्षं गिचमिड अक्षरात पडून होते, ते तिनं टाइप करायला घेतले. सकाळी दोन तास, दुपारी दोन तास. पहिल्या दिवशी तर्जनीच्या सहा अक्षरांच्या जागा कागदावर फिकट उमटल्या. दुखतंय का, असं विचारलं की म्हणायची, "दुखतंय." आणि पुढं चालू ठेवायची. दुसऱ्या आठवड्यात ती सहा अक्षरं बाकीच्यांच्या बरोबरीनं काळी उमटायला लागली. पुढच्या खेपेला ती परीक्षेला बसली, पास झाली आणि साताऱ्याला दुसऱ्या एका कचेरीत लागली. निवृत्त झाली तेव्हा तिच्या हाताखाली चार टायपिस्ट होते.

मला सांगायचं आहे ते मात्र त्या टायपिंगच्या तिसऱ्या आठवड्यातलं. मी राउंड संपवून ऑफिसात डोकावलो तर मशीन थांबलेलं होतं. सुमन हात मांडीवर ठेवून बसली होती. मशीनमध्ये कागद होता, शेजारी माझ्या अक्षरातला मूळ केसपेपर. वर तिचंच नाव. ती सगळं उतरवत आली होती, जखम, पू, पहिलं ऑपरेशन, टाके. माझ्या त्या दोन शब्दांपाशी येऊन थांबली होती.

"इथं काय टाइप करू?" तिनं विचारलं.

खोडून टाक, असं सांगणार होतो. सांगितलं नाही. खोडून टाकलं असतं तर ते कधी झालंच नव्हतं असं झालं असतं, आणि त्यात सगळ्यात जास्त सोय माझीच होती. मी स्टूल ओढून तिच्या शेजारी बसलो आणि तिला इंग्रजीत मजकूर सांगितला. पेशंटनं व्यायामासाठी कणीक मागितली. ती बौद्ध असल्यामुळं तिला स्वयंपाकघरात घेतलं नाही, चिखल दिला. तो तिनं नाकारला. सर्जननं चिखलाला परवानगी दिली होती आणि परत आल्यावर चौकशी न करता पेशंटला दोष दिला.

ती एका लयीत टाइप करत गेली. कुठंही थांबली नाही. कागद मशीनमधून काढला, मूळ कागदाशी लावून पाहिला, पुन्हा एकदा वाचला आणि माझ्यापुढं ठेवला. ज्या तर्जनीसाठी हे सगळं झालं होतं ती तिनं कागदाच्या तळाशी टेकवली. पूर्ण वळत नव्हती, थोडी ताठच होती.

"सही करा, डॉक्टर."

मी केली. तोवर हजारो केसपेपरांवर माझ्या सह्या झाल्या होत्या. वरचा मजकूर पूर्ण वाचून केलेली ती बहुधा पहिलीच.